झोत अरुंद ठेवावा की रुंद

गोठलेल्या तळ्याला गिरमिटाने भोक पाडून त्यात मासे हुडकणारा फिश फाइंडर सोडला, तर त्याचा झोत अरुंद ठेवावा की रुंद, हे सहा हिवाळे लोक मला विचारत होते. मी राहते समा रोडवरच्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. जानेवारीच्या सकाळी अ‍ॅक्टिव्हावर बसताना कानटोपी घातली की आमची बडोद्याची थंडी संपते. बर्फ म्हणाल तर लग्नाच्या मांडवात बारदानात गुंडाळून येणारी लादी पाहिलेली, आणि फ्रीजमधला ट्रे. मासा पकडणं सोडाच, आमच्या घरात कुणी शिजवलेलाही नाही. तरीही लोक विचारत होते, मी उत्तरं देत होते, आणि ती उत्तरं बरोबर असायची. निदान पुस्तकाप्रमाणे तरी बरोबर असायची.

ह्या अंकासाठी शाळेच्या आठवणी लिहा, असं संपादकांनी सुचवलं होतं. सावली गावच्या शाळेत मी एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, गुजराती माध्यमातून, रोज बसने जाऊन-येऊन. पण त्या आठवणी लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की त्यांत प्रत्येक ठिकाणी मीच बरोबर आहे. असलं लिखाण कोण वाचणार? निवृत्तीनंतरच्या नोकरीत मात्र माझा जो गोंधळ उडाला तो अजून निस्तरलेला नाही, म्हणून तोच लिहिते.

नोकरी दिली केतनने. रावपुऱ्यात भांड्यांच्या दुकानावर त्याचं बारा खुर्च्यांचं ऑफिस आहे. परदेशातल्या कंपन्या यंत्रं विकतात आणि गिऱ्हाइकांच्या शंकांना उत्तरं द्यायचं काम अशा बारा खुर्च्यांकडे सोपवतात. केतनकडे आधी वजनकाटे होते, मग गीझर आले, आणि मग हा फिश फाइंडर. त्यात सगळं फिजिक्स. ते समजणारं कुणी नव्हतं, तेव्हा त्याला आपल्या बेन, म्हणजे शाळेतल्या बाई, आठवल्या. ह्याच केतनने बारावीत लंबकाची रीडिंग घरी बसून बनवली होती, आणि मी सगळ्या वर्गासमोर त्याची वही फाडली होती. ते तो विसरला नव्हता. मला म्हणाला, तुमच्या हातून खोटं उत्तर जाणार नाही, म्हणून तुम्हीच हव्यात. मी खूश झाले. स्तुती केली की शिक्षक कुठल्याही वयात फसतो.

काम सगळं लेखी. आपण झोपेत असताना तिकडची पत्रं कॉम्प्युटरवर येऊन पडायची, सकाळी दहाला मी जिना चढून गेले की ती वाट पाहत असायची. प्रत्येक पत्राला टिकट म्हणायचं, आणि ते एका दिवसात उत्तर देऊन बंद करायचं. आपण कोण, कुठून बोलतो, हे कळू द्यायचं नाही, असा कंपनीचा नियम. खाली सही करायला सुटसुटीत नाव हवं होतं, म्हणून विजयाचं विक झालं. विक म्हणजे तिकडे पुरुषाचं नाव, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

आता यंत्राबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. फिश फाइंडरचा एक डबीएवढा भाग भोकातून पाण्यात सोडतात. तो खाली आवाज पाठवतो, आपल्याला ऐकू न येणारा. तो आवाज माशावर आदळून परत येतो, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र सांगतं की मासा किती खोल आहे. आवाज सरळ रेघेत जात नाही, बॅटरीच्या उजेडासारखा पसरत जातो. अरुंद झोत ठेवला तर तीस फुटांखाली त्याचं वर्तुळ साधारण दहा फुटांचं होतं. रुंद ठेवला तर चौतीस फुटांचं. आणि मेख अशी की यंत्राला अंतर कळतं, दिशा कळत नाही. मासा तुमच्या गळाखाली असो की पंधरा फूट बाजूला असो, पडद्यावर तो एकाच जागी दिसतो.

हे मला वाचून कळलं, पण पटत नव्हतं. पाणी वर गोठलेलं आणि खाली वाहतं, त्यावर माणसं खुर्च्या टाकून बसलेली, हे चित्रच डोळ्यांपुढे येईना. शेवटी एका रविवारी मी जेवणाच्या टेबलावर थर्माकोल अंथरला, त्याला कपाएवढं भोक पाडलं, ते भोक टेबलाच्या कडेबाहेर येईल असा तो सरकवला आणि आमच्या ह्यांना वर बॅटरी धरायला बसवलं. मी खाली फरशीवर खडू घेऊन. बॅटरीचं तोंड फिरवून झोत बारीक-मोठा होत होता, तशी मी वर्तुळं आखत होते. हे रिफायनरीतून निवृत्त झालेले, मोजमापाला चोख. त्यांनी वरून विचारलं, "अगं, पण ह्यात मासा कुठे ठेवायचा?" मी बटाटा ठेवला. बटाटा वर्तुळाच्या मधोमध असो की काठावर, वरच्या यंत्राला फक्त 'आहे' एवढंच कळलं असतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

गिऱ्हाइकं एकेक नमुने असायची. एकाने लिहिलं, माझ्या खाली पन्नास फूट लांबीचा मासा आहे आणि मला बर्फावरच्या माझ्या खोपटाबाहेर यायचीही भीती वाटते. त्याला मी समजावलं की होडी चालती असते तेव्हा पडद्यावरचं चित्र पुढे सरकतं ते ठीक, पण बर्फावर तुम्ही बसलेले, मासाही थांबलेला, आणि पडदा मात्र सरकतोच आहे. एक मासा एका जागी अर्धा तास थांबला तर त्याची लांबच लांब रेघ उमटणार. लांबी माशाची नाही, वेळेची आहे. त्यावर त्याने विचारलं की मग हा अर्धा तास तिथे काय करतोय? ह्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं.

दोघं साडू होते. शेजारीशेजारी खोपटी टाकून बसायचे, पण बोलणं बंद. दोघांच्या पडद्यांवर ठिपक्यांचा पाऊस. एकाचा आवाज दुसऱ्याच्या यंत्रात शिरत होता, दुसरं काही नाही. दोघांनीही मला वेगवेगळी पत्रं लिहिली, एकमेकांची निंदा करून. यंत्राला आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, एक वरची, एक खालची. मी दोघांनाही प्रामाणिकपणे कळवलं की तुम्ही दुसऱ्या पट्टीवर जा. दोघेही गेले. पुन्हा ठिपके. तीन दिवस असं चाललं आणि चूक माझी आहे हे मला चौथ्या दिवशी, भाजी निवडताना कळलं. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणजे हे असं होतं. पण तोवर दोघं आपापल्या खोपटांतून बाहेर येऊन कंपनीला शिव्या देताना एकमेकांशी बोलायला लागले होते, म्हणून मी ते टिकट यशस्वी म्हणून बंद केलं.

माझा एक गुण होता, आणि तोच पुढे नडला. मी उत्तरं प्रॅक्टिकलच्या वहीसारखी लिहायची. पायरी एक, पायरी दोन, काय जुळवायचं, काय फिरवायचं, किती वेळ निरीक्षण करायचं. तिकडच्या कंपनीला ती पद्धत इतकी आवडली की माझ्या पायऱ्या सगळ्यांना पाठवायचं ठरलं. मला शाळेत कधी बक्षीस मिळालं नाही, ते इथे मिळालं.

पाचव्या हिवाळ्यात वॉल्टरचं पत्र आलं. वय त्र्याऐंशी. पन्नास वर्षं त्याच तळ्यावर तो आणि त्याची बायको रूथ हिवाळ्यात लाकडी खोपट ओढत नेत, आत शेगडी पेटवत, दोन भोकं पाडत आणि बसत. रूथला आता विसरायचा आजार झाला होता. दिवस, नावं, घरातल्या खोल्या, सगळं पुसत चाललं होतं. वसंतात तिला देखभालीच्या घरात हलवायचं ठरलं होतं, तिथे जागा मिळाली होती. म्हणजे तळ्यावरचा हा शेवटचा हिवाळा. वॉल्टरला एवढंच हवं होतं की जाण्याआधी रूथने तिच्या हाताने एक मासा काढावा. तिचे हात अजून ते काम विसरले नव्हते, असं तो म्हणाला.

अडचण यंत्राची होती. त्याने झोत रुंद ठेवला होता. पडद्यावर मासा दिसे, रूथ गळ धरून बसे, मासा तिथेच, तासभर तिथेच, आणि गळाला काही लागेना. ती चिडायची. तो मला बघतोय आणि तू काही करत नाहीस, असं वॉल्टरला म्हणायची आणि रडायची. वॉल्टरने पत्रात विचारलं होतं की हा मासा खरा आहे की नाही.

मला हे उत्तर झोपेतसुद्धा देता आलं असतं. मासा खरा होता, पण भोकाखाली नव्हता. मी सात पायऱ्या लिहून पाठवल्या. झोत अरुंद करा, डबी भोकात सरळ लटकते आहे ना ते पाहा, संवेदनशीलता अगदी कमी करून हळूहळू वाढवा. पाचवी पायरी अशी होती की ह्या वेळी दहा मिनिटं पडद्यावरून नजर हलवू नये, बारीकसा बदलही टिपावा. आता पडद्यावर जे दिसेल ते रूथच्या गळाच्या आसपासचंच असेल, असं मी शेवटी लिहिलं. आणि मला फार बरं वाटलं. खोटं दाखवणारं यंत्र मी खरं बोलतं केलं होतं.

त्याचं आभाराचं पत्र आलं. शेवटी विचारलं होतं, विक, तुमच्या तळ्यावर यंदा बर्फ किती इंच धरलाय? मी खिडकीतून खाली पाहिलं. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते आणि भांड्यांच्या दुकानातला माणूस पितळी परात उन्हात पुसत होता. मी लिहिलं, इथे अजून धरलेला नाही. हे खोटं नव्हतं, असं मी मनाला समजावलं.

आठवड्याने आणखी एक पत्र आलं, ते वाचून मी पाणी प्यायला उठले. वॉल्टर माझ्या पायऱ्या करत बसला होता. पडदा रिकामा होता, अरुंद झोतात बहुतेक वेळ तो रिकामाच असतो. संवेदनशीलता वाढवत, बदल टिपत तो पडद्याकडे बघत राहिला, आणि त्याने मान वर केली तेव्हा खोपटाचं दार उघडं होतं. रूथ वीस मिनिटांनी तळ्याच्या मध्यावर सापडली, हातमोजे न घालता चालत होती. दोन बोटांची टोकं पांढरीफटक पडली. दवाखान्यात एक दिवस ठेवून घरी पाठवलं, बोटं वाचली. त्यांची मुलगी येऊन वडिलांना खूप बोलली. शेवटी तिने एक अट घातली, की पुढच्या वेळी आई एकदा जरी जागेवरून उठून बाहेर गेली तर तळं त्या दिवसापासून बंद.

पत्रात माझ्यावर ठपका कुठेच नव्हता. पायऱ्या छान आहेत, असंच लिहिलं होतं. परदुःख शीतल असतं म्हणतात, ते तसं नसतं एवढं त्या दिवशी कळलं. मी काय चुकीचं सांगितलं होतं? झोत अरुंद ठेवा हे शंभर टक्के बरोबर होतं. पुन्हा विचारलं असतं तर मी तेच सांगितलं असतं. बरोबर उत्तराने माणूस बर्फावर हातमोज्यांशिवाय कसा काय गेला, हे मला कुठल्याच सूत्रात बसवता येईना.

आणि वॉल्टरचा नवा प्रश्न तर त्याहून अवघड होता. रुंद झोत ठेवला की ती मासा बघून रडते. अरुंद ठेवला की रिकामा पडदा बघून उठते. असा एखादा झोत आहे का, ज्यात ती शांत बसेल?

असा झोत नव्हता. पण यंत्रात एक दुसरी सोय होती. दुकानात यंत्र विकायला ठेवतात तेव्हा तिथे पाणी नसतं, मग गिऱ्हाइकाला दाखवायचं काय? म्हणून आत एक बनावट तळं भरलेलं असतं. डेमो चालू केला की पडद्यावर मासे येतात, जातात, एखादा मोठा तळातून वर चढतो. ह्यातला एकही मासा जगात नाही. कुणी चुकून डेमोत बसला तर त्याला आधी बाहेर काढा, हा आमच्याकडचा पहिला नियम होता.

मी केतनच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. त्याने खुर्ची मागे घेतली. मग म्हणाला, "बेन, रीडिंग बनाववानी तो तमे ज ना पाडता हता ने?" टोमणा नव्हता, त्याला खरंच विचारायचं होतं. फाडलेल्या वहीचा हिशेब असा परत येईल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, हो, मीच नको म्हणायची. मग तो म्हणाला की तुम्ही लिहिणार असाल तर मी बघितलेलं नाही, आणि चहा मागवला. ज्याला चोवीस वर्षांपूर्वी मी शिकवलं त्याच्याकडून मला परवानगी हवी होती की नकार, हेही मला कळत नव्हतं.

संध्याकाळी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, ती शांत बसेल ना, मग झालं. मी म्हटलं, पण ते खोटं आहे. तर म्हणाले, मग सांगू नकोस. मी म्हटलं, मग ती उठून जाईल. त्यावर त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली, ह्या माणसाला प्रश्न अवघड झाला की वर्तमानपत्र लागतं.

दुसऱ्या दिवशी मी वॉल्टरला डेमो कसा चालू करायचा ते लिहिलं. ह्या वेळी पायऱ्या तीनच होत्या. हे मासे खरे नाहीत, हेही स्पष्ट लिहिलं, निदान त्याला तरी. पत्र गेल्यावर मी जिना उतरून खाली आले आणि उगाचच एक पितळी वाटी विकत घेतली.

डेमो चालला. तीन दिवसांनी वॉल्टरने आनंदाने कळवलं की रूथ दुपारभर बसली. मासे येतात आणि निघून जातात, एकही टक लावून बसत नाही, त्यामुळे ती चिडत नाही. गळ हातात, नजर पडद्यावर. दुसऱ्या दिवशीही बसली, तिसऱ्या दिवशीही. तो तिच्या शेजारी बसून तिच्याबरोबर तेच मासे बघत होता आणि मोठा मासा वर चढला की दोघं हसत होती. हातातला गळ रिकामाच होता, पण मुलीची अट पाळली जात होती. मी ऑफिसात सगळ्यांना खमण खायला घातलं. कशाबद्दल म्हणून विचारलं तर काय सांगणार, माझा वाढदिवस आहे म्हणाले. खोट्याची एकदा सवय लागली की ते सोपं होत जातं, हे मी वर्गात शिकवायची, त्याचं प्रात्यक्षिक झालं.

आणि मग ते पत्र आलं. रविवारी मुलगी जेवायला आली होती. वॉल्टर बाहेर लाकडं आणायला गेला असताना रूथने मुलीला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. मुलीने ते वडिलांना सांगितलं आणि वॉल्टरने जसंच्या तसं मला लिहिलं. रूथ म्हणाली होती, "तो मला रोज तेच मासे दाखवतो. त्याच ओळीने येतात. त्याला ते फार आवडतात, म्हणून मी काही बोलत नाही. तूही बोलू नकोस."

मी ते वाक्य किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. ज्या बाईला आज वार कोणता ते आठवत नाही, तिला बनावट माशांचा क्रम आठवत होता. आणि आम्ही जिला फसवत होतो, ती उलट आम्हालाच सांभाळून घेत होती. वॉल्टरने खाली एकच ओळ लिहिली होती. विक, आता झोत कुठला ठेवू?

दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. रुंद, अरुंद, बनावट, तिन्ही झाले होते, चौथा यंत्रात नव्हता. केतन येऊन म्हणाला, "बेन, आ टिकट बहु लांबुं चाल्युं." मी त्याला म्हटलं, चालू दे. सगळी जुनी पत्रं काढून मी पहिल्यापासून वाचली, चुकीची वही तपासतात तशी. वॉल्टरची सहा पत्रं, माझी पाच. किती फूट पाणी, किती इंच बर्फ, शेगडी कुठे, डबी किती खोल, सगळं मी विचारलेलं होतं. तिला काय हवंय, हे मी एकाही पत्रात विचारलं नव्हतं. त्यानेही तिला विचारलेलं दिसत नव्हतं. आम्ही दोघं दोन टोकांना बसून तिच्यासाठी झोत निवडत होतो.

म्हणून मी लिहिलं. त्यात पायरी एकही नव्हती. मी लिहिलं की माझं नाव विजया आहे, मी बाई आहे, निवृत्त शिक्षिका. मी हिंदुस्थानात राहते, गोठलेलं तळं मी कधी पाहिलेलं नाही आणि गळ हातात धरलेला नाही. मला जे येतं ते सगळं तुम्हाला सांगून झालं, त्यापुढचं मला येत नाही. तुम्ही रूथलाच विचारा. नियम मोडला होता, नोकरी जाणार हे धरून चालले होते. गेली नाही, कारण केतनने तेही बघितलं नाही.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. तोवर बडोद्यात पंखे सुरू झाले होते. रोज सकाळी जिना चढताना मनात यायचं, ती पुन्हा उठून गेली असेल का, आणि ह्या वेळी वीस मिनिटांत सापडली नसेल तर. खुर्चीत बसून मी आधी तेवढंच एक नाव शोधायची. इतर टिकटांना त्या दिवसांत मी काय उत्तरं दिली ते देव जाणे.

अखेर पत्र आलं, 'प्रिय विजया' म्हणून. तुम्ही कोळी नाही हे मला पहिल्याच पत्रात कळलं होतं, असं त्याने लिहिलं होतं, मासे पकडणारा कुणी कधी क्रमांक घालून लिहीत नाही. मग त्याने सांगितलं की विचारलं. रूथ म्हणाली, ते बंद कर. त्याने बंद केलं. मग म्हणाली, आता बोल. काय बोलू, असं त्याने विचारलं, तर म्हणाली, आधी बोलायचास ते. हे यंत्र मुलीने चार वर्षांपूर्वी भेट दिलं होतं. त्याआधी खोपटात बघायला काहीच नसायचं, तेव्हा दिवसभर तोच बोलायचा, शेतावरचं, भावांचं, मेलेल्या कुत्र्यांचं. यंत्र आल्यापासून त्याचं बोलणं कधी बंद पडलं ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. त्या दुपारी तो तीन तास बोलला, घसा बसला. रूथ जागची हलली नाही. पुढचे अकरा दिवस ती दोघं तशीच बसली, आणि मग बर्फ पातळ व्हायला लागला म्हणून खोपट ओढून काठावर आणलं. मासा एकही मिळाला नाही. गंमत बघा, जन्मात मासा न खाल्लेल्या मला त्याचं फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

रूथ आता त्या नव्या घरात आहे, असं त्याने लिहिलं होतं. तो रोज दुपारी जातो आणि बोलतो. ती ओळखते का, ते काही दिवशी कळतं, काही दिवशी कळत नाही.

मी पत्र संपलं असं समजले होते, पण खाली आणखी थोडं होतं. त्या अकरा दिवसांतल्या एका दुपारी, ती बऱ्यापैकी भानावर होती तेव्हा, वॉल्टरने तिला विचारलं होतं की त्या दिवशी दार उघडून तू कुठे निघाली होतीस.

"तुला शोधायला," ती म्हणाली.

त्या वेळी वॉल्टर तिच्यापासून हातभर अंतरावर बसून, पडद्यावरून नजर न हलवता, माझी पाचवी पायरी पाळत होता.